सहभागी महिलांना नावं असतात : एक खुले पत्र

प्रति,
कलामहोत्सवांचे आयोजक, कलादालनांचे संचालक आणि कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारी) विभागांतील अधिकारी यांस

स. न. वि. वि.

फेब्रुवारी उजाडला की माझा फोन वाजायला लागतो. आवाज दरवर्षी वेगळा, मागणी तीच. ८ मार्चला कार्यक्रम आहे, तुमच्या गटातल्या पंधरा-वीस बायका घेऊन या, नऊवारीत आल्या तर उत्तमच, दोन तास बसून वाकळ (गोधडी) शिवतील, पाहुणे एकेक टाका घालतील, फोटो होतील. मानधनाचं विचारलं की क्षणभर शांतता. मग, "मॅडम, चहा-नाश्ता आणि जाण्यायेण्याची गाडी आमच्याकडून. शिवाय प्रत्येकीला प्रमाणपत्र." या सगळ्या फोनांना मिळून एकदाच उत्तर द्यावं म्हणून हे पत्र लिहिते आहे.

मी इचलकरंजीत राहते आणि कापडात काम करते. तुमच्या कॅटलॉगमध्ये माझ्या नावाखाली 'मिश्र माध्यमातील वस्त्रकलाकार' असं छापलेलं असतं. गल्लीत विचाराल तर "ती चिंध्यांचं काय काय करती ती" असं सांगतील, आणि तेही बरोबरच आहे. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी या गावात पहिला यंत्रमाग आणला आणि तेव्हापासून गावाचं घड्याळ मागाच्या खडखडाटावर चालतं. माझा कच्चा माल या मागांखालीच पडतो. कडेला कातरून पडणारी किनार, कांडीवर, म्हणजे धोट्यातल्या सुताच्या नळीवर, उरलेलं हातभर सूत, डाग निघाला म्हणून व्यापाऱ्यानं परत पाठवलेलं ग्रे (मागावरून उतरलेलं, बिनरंगवलेलं) कापड, मोडक्या फण्या. बिनधोट्याचे माग आल्यापासून लाकडी धोटे भंगारवाल्याकडे किलोवर मिळतात. पगाराची जुनी पाकिटं, कापडाच्या तपासणीच्या चिठ्ठ्या, डिझाइनची छिद्रं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं, हे सगळं मी कापडात शिवते.

ग्रे कापड आहे तसं वापरता येत नाही. सायझिंगमध्ये ताण्याच्या, म्हणजे उभ्या, सुताला खळ चढवलेली असते, ती उकळून काढल्याशिवाय रंग आत शिरत नाही. मग कापड हिरड्याच्या पाण्यात बुडवायचं. दुसरीकडे गंजके खिळे, मागाचे तुटके भाग आणि गूळ पाण्यात आंबत ठेवायचं. काही आठवड्यांनी त्याला असा वास सुटतो की शेजारीण दार लावून घेते. हे पाणी हिरड्यात भिजलेल्या कापडाला लागलं की बघता बघता काळा उतरतो. कलमकारीतला काळा हाच. त्याची एक खोड आहे, लोखंड कापडाला हळूहळू खातं. संग्रहालयांतली जुनी छापील कापडं नीट पाहिलीत तर पुष्कळदा काळ्या रेघांच्या जागा विरलेल्या आणि शेजारचा तांबडा ठणठणीत, असं दिसेल. एका कलादालनात मला विचारलं गेलं, हे काम शंभर वर्षं टिकेल का? मी म्हटलं, काळा भाग नाही टिकणार. यंत्रमागांच्या गावावरच्या कामात लोखंडानं कापड खाल्लं तर मला ते चालेल. विचारणाऱ्यांना चाललं नाही, ते निराळं.

इथपर्यंतचं काम माझं एकटीचं. पुढचं नाही, आणि हे पत्र त्या पुढच्या कामाबद्दल आहे.

हे सगळे थर एकत्र धरून ठेवतो तो धावदोरा. दुपारी घरचं आवरलं की समाजमंदिरात आम्ही जमतो. कुणी कांडी भरायला जाते, कुणी मेंडिंगला, म्हणजे कापडातले दोष दुरुस्त करायला, दोघी-तिघी धुणीभांडी करतात, एक बालवाडीवरून निवृत्त झालेल्या बाई आहेत. या सगळ्याजणी वाकळ शिवत मोठ्या झाल्या. कडेनं सुरुवात करून फिरत फिरत मध्याकडे यायचं, चारी बाजूंनी ताण सारखा ठेवायचा, पाठीमागचा टाका पुढच्यासारखाच दिसला पाहिजे. गटातल्या मावशी तर वाकळ आधी उलटी करतात आणि मगच शिवणारीबद्दल मत देतात.

सुरुवातीच्या एका मोठ्या कामात मी खडूनं पंचगंगेची रेघ आखून दिली होती. सरळ, तिरकी, मला आवडलेली. दोन लुगडी जोडलेल्या दंडावरून ती जात होती. गटातल्या आक्का हातातली सुई खाली ठेवून म्हणाल्या, "हितनं टाका न्हेलास तर दंड उसवतोय बघ. नदी जरा वळवून घे." नदी वळवली. वळण घेताना आतल्या बाजूला कापड गोळा झालं, ते दाबायला त्यांनी टाके बारीक केले, आणि तिथं पाण्याला भोवरा पडावा तशी सुरकुती उमटली. प्रदर्शनात ज्यांनी ज्यांनी त्या कामावर लिहिलं, त्यांनी त्या भोवऱ्याचं कौतुक केलं. माझ्या 'रेषेवरच्या हुकमतीचं' कौतुक! आक्कांना मी ते वाचून दाखवलं. "हुकमत कुनाची म्हनं?" एवढंच विचारलं त्यांनी.

त्या कामाच्या पाटीवर माझं नाव ठळक होतं, खाली बारीक अक्षरांत 'स्थानिक महिलांच्या सहभागातून'. सगळ्यांची नावं घाला म्हणून मी यादी आधीच पाठवली होती. जागा नाही, असं उत्तर आलं. त्याच भिंतीवर प्रायोजकांच्या बोधचिन्हांची रांग होती, आणि तिच्यासाठी जागा पुरली होती.

तुमच्यापैकी काहीजण मनापासून विचारतात की कल्पना तुमची, रचना तुमची, टाका त्यांचा, मग कलाकार कोण? प्रश्न वाजवी आहे आणि मी तो टाळत नाही. कल्पना बहुतेक वेळा माझी असते. कापड कुठलं, रंग कुठला, कुठे थांबायचं, हे मी ठरवते आणि त्याची जबाबदारी माझीच. पण नदी वळवण्याचा निर्णय घेणारी व्यक्ती 'सहभागी' नसते. कांस्यशिल्प ओतणाऱ्या कारागिराचं नाव तरी कुठे असतं, असाही युक्तिवाद मी ऐकला आहे. नसतं, खरं आहे. ते असायला हवं होतं, एवढंच त्यावरून सिद्ध होतं.

कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. कलाकृतीच्या त्याच्या व्याख्येत कलात्मक कारागिरीची कामंही येतात. ज्यात एकाचं योगदान दुसऱ्यापासून वेगळं काढता येत नाही, अशा सहकार्यानं केलेल्या कामाला तो संयुक्त कर्तृत्व म्हणतो. कलम ५७ नुसार हक्क विकून टाकले तरी कर्त्याचा आपलं कर्तेपण सांगण्याचा अधिकार शिल्लक राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं भित्तिशिल्प सरकारनं उतरवून गोदामात टाकलं, तेव्हा २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयानं याच कलमाच्या आधारे त्यांच्या बाजूनं निकाल दिला. आमच्या समाजमंदिरातल्या धावदोऱ्याला यातलं काय किती लागू पडेल यावर वकील वाद घालोत. मी न्यायालयाची भाषा करत नाही. पाटीवर पाच ओळी जास्त मागते आहे.

नाव ही गोष्ट कापडावर किती वजनाची असू शकते याचं सगळ्यांत मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. एड्सनं गेलेल्या माणसांसाठी त्यांच्या आप्तांनी तीन फूट बाय सहा फुटांची, म्हणजे साधारण एका थडग्याएवढी, कापडं शिवली. ११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर अशी १,९२० कापडं अंथरली गेली आणि त्यांवरची नावं मोठ्यानं वाचली गेली. त्या माणसांची नावं घ्यायला तेव्हा सरकार बिचकत होतं, कित्येकांची कुटुंबंही बिचकत होती.

चिलीत याच्या नेमकं उलट घडलं. १९७३ च्या लष्करी उठावानंतर ज्यांचे नवरे-मुलगे उचलून नेले गेले, त्या सांतियागोच्या बायकांनी गोणपाटावर चिंध्या शिवून चित्रं केली: रांगा, बंद कारखाने, दारात उभे सैनिक. चर्चच्या मदतीनं ती देशाबाहेर गेली आणि विकली गेली. त्यांवर नावं घालणं जिवावर बेतलं असतं, म्हणून ती घातली नाहीत. अनामिक राहणं तिथं त्या बायकांनी स्वतःला वाचवण्यासाठी निवडलं होतं. आमच्या गटातही एकीचं नाव आम्ही कुठेच छापत नाही, कारण तसं तिनं सांगितलंय आणि कारण तिचं तिला माहीत. तुमच्या पाट्यांवर मात्र बायका अनामिक असतात त्या कुणी विचारलंच नाही म्हणून.

अलाबामातल्या जीज बेंड या गावच्या कृष्णवर्णीय बायकांच्या वाकळी २००२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या. कामाच्या कपड्यांच्या, गुडघ्याला विटलेल्या जुन्या जीनच्या वाकळी. समीक्षकांनी त्यांना आधुनिक चित्रकलेच्या पंगतीत बसवलं, २००६ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकिटं निघाली. इथवरची गोष्ट तुमच्या भाषणांत मी ऐकली आहे. पुढची ऐकलेली नाही. २००७ मध्ये त्यांच्यातल्या काहीजणींनी आपल्या वाकळी आणि त्यांच्या नक्षीचे हक्क यांचा मोबदला नीट मिळाला नाही म्हणून दावे लावले, पुढच्या वर्षी ते मिटले. कोण खरं, कोण खोटं यात मी पडत नाही. पण नाव भिंतीवर लागलं म्हणजे हिशेब संपला असं होत नाही. तर आता हिशेबाकडे येते.

आमच्याकडे एक वही आहे. कोण किती तास बसली ते तीत रोज लिहिलं जातं, माझेही तास. काम विकलं की साहित्य आणि वाहतूक वजा करून उरलेल्याचे तासांप्रमाणे वाटे होतात. माझा वाटा सगळ्यांत मोठा निघतो, कारण रंगाच्या मडक्यांपाशी आणि फोनवर माझेच तास जास्त जातात. वही टेबलावर उघडी असते आणि दोघीजणी ती माझ्यापेक्षा बारकाईनं तपासतात. ही काही थोर सहकारी चळवळ नव्हे. भांडणं होतात. मुंबईला गेलेला वेळ तासांत धरायचा का, यावर आम्ही एकमेकींशी आठवडाभर बोललो नव्हतो. शेवटी धरला. तुम्ही दोन तासांचं प्रात्यक्षिक म्हणता त्यासाठी कांडीवालीचा अख्खा दिवस मोडतो. कांडीवर मिळणारी तिची मजुरी त्या दिवशी बुडते. चहा-नाश्त्यात ती भरून निघत नाही, आणि प्रमाणपत्र तिला कुठे दाखवायचंय?

सीएसआरवाल्यांना एक वेगळी विनंती. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के तुम्हाला खर्च करावे लागतात. त्याच्या सातव्या अनुसूचीत पारंपरिक कला आणि हस्तकलांचा विकास स्पष्ट लिहिलेला आहे. म्हणजे आम्हाला दिलेला पैसा हा उपकार नाही, तुमच्या यादीतला खर्च आहे. तरीही अंदाजपत्रकात मंडप, ड्रोनचं चित्रीकरण, छापील पिशव्या यांच्या ओळी असतात आणि शिवणाऱ्या हातांच्या मजुरीची ओळ नसते. मी ती घालून पाठवते तेव्हा "ही ओळ आपण 'कौशल्य प्रशिक्षण' म्हणून दाखवू या का?" असं विचारलं जातं. कुणाला प्रशिक्षण? आक्कांना धावदोऱ्याचं?

सरकारनंही एकेकाळी यापेक्षा सरळ व्यवहार केला होता. पन्नाशीच्या दशकात हातमाग-हस्तकलांसाठी काम करणाऱ्या पुपुल जयकर यांच्या पुढाकारानं विणकर सेवा केंद्रं निघाली आणि तिथं चित्रकारांना नोकरीवर घेऊन विणकरांच्या शेजारी बसवलं गेलं. नागावचे चित्रकार प्रभाकर बरवे आधी वाराणसीच्या आणि मग मुंबईच्या केंद्रात होते. चित्रकारही पगारावर, विणकरही. बरवे मोठे झाले, शेजारी बसलेल्या विणकरांची नावं आज कुणाला आठवत नाहीत, म्हणजे तिथंही सगळं आलबेल नव्हतं. पण निदान कुणी कुणाला प्रमाणपत्रावर राबवत नव्हतं.

आता पुराच्या कामाबद्दल, कारण सध्या सगळ्यांना तेच हवंय. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच झालं. ट्रंकांतली लुगडी, लग्नातले शालू, बाळंतविडे गाळात गेले. धुऊनही त्यांवर एक मातकट रेघ राहिली, जिथवर पाणी चढलं तिथवर. अशी कापडं बायकांनी आणून दिली आणि आम्ही ती रेघेला रेघ जुळवून जोडली, म्हणजे सगळ्या घरांतलं पाणी एका पातळीवर आलं. खाली गंजाचा रंग, मध्ये पंचनाम्याच्या कागदांच्या छायाप्रती, वर कोरं मांजरपाट.

यातली सगळी कापडं दान नाहीत. काही उसनी आहेत. मावशींनी सासूचं लुगडं दिलं ते "माझ्या डोळ्यांदेखत परत पायजे" या अटीवर. म्हणून उसनी कापडं आम्ही कच्च्या टाक्यानं, तांबड्या दोऱ्यानं घातली आहेत. तांबडा दोरा उसवला की कापड सुटं होतं, बाकीच्या कामाला धक्का लागत नाही, आणि त्या जागी मागचं मांजरपाट उघडं दिसतं. काम फिरत राहील तशी अशी उघडी चौकटं वाढत जातील. मला हा या कामाचा सगळ्यांत चांगला भाग वाटतो, आणि विकायच्या दृष्टीनं सगळ्यांत वाईट. एका संग्राहकाच्या प्रतिनिधींनी तोडगा सुचवला की लुगड्याचा उत्तम फोटो काढून, फ्रेम करून बाईंना देऊ, मूळ राहू दे. निरोप मी मावशींना पोचवला. त्या म्हणाल्या, "सासूचं लुगडं मी फोटूत नेसू व्हय?" सौदा तिथंच संपला.

तेव्हा पुराचं काम ज्यांना लावायचं आहे, त्यांनी ते असंच लावावं लागेल. उसन्या कापडांची यादी, कुणाचं कुठलं आणि कधी परत, करारासोबत जोडलेली असेल. गाळाचा वास येतो म्हणून ड्रायक्लीन करायचं नाही. कीड लागू नये याची काळजी मलाही आहे, त्याबद्दल तुमच्या संवर्धकांशी मी बोलेन. पाटीवर सगळ्या नावांचा टंक एकच असेल, माझ्या नावाचाही. प्रात्यक्षिक हवं असेल तर तासांची मजुरी, प्रवासाच्या वेळेसकट. पाहुण्यांना टाका घालायची हौस असेल तर वेगळं कापड देऊ. कामावर नको, आम्हाला रात्री बसून ते उसवावे लागतात. आणि कुणी काय नेसून यायचं हे तुम्ही सांगायचं नाही. आमच्यातल्या निम्म्याजणी गाऊनवर ओढणी घेऊन कामाला बसतात, दोघी पंजाबी ड्रेस घालतात. नऊवारी नेसणाऱ्या आक्का एकट्याच, आणि त्यांना फोटो आवडत नाहीत.

एक गोष्ट तुमच्या बाजूनंही सांगते. वाकळ वाचवा, परंपरा वाचवा असं आम्ही म्हणत नाही, तुम्ही म्हणता. गटातल्या बायकांच्या मुलींना वाकळ नको आहे, ब्लँकेट हवंय, आणि शिकायचं असेल तर ओव्हरलॉक मशीन शिकायचं आहे. त्यात काही वावगं नाही. शाळांमधल्या शिबिरांत आम्ही पोरांना वाकळ शिकवत नाही. स्वतःच्या फाटक्या दप्तराला ठिगळ लावायला शिकवतो, आणि मुलगेही झकास लावतात. यासाठी पैसे दिलेत तर आनंदच आहे, फक्त अहवालात 'लोप पावत चाललेल्या कलेचं पुनरुज्जीवन' असं लिहू नका.

राहता राहिला पैसे कधी द्यायचे हा मुद्दा. निम्मी रक्कम काम ठरताना, उरलेली उभारणी पूर्ण होते त्या दिवशी. तुमच्या लेखा विभागाचा नव्वद दिवसांचा नियम मला ठाऊक आहे आणि मी एकटी असते तर थांबलेही असते. पण गटातल्या बहुतेकींच्या घरी पगार आठवड्याला येतो आणि किराणा त्यावरच भरला जातो. नव्वद दिवस दुकानदार थांबत नाही. प्रत्येकीच्या खात्याचा तपशील मी सोबत पाठवीन. तुमच्या प्रणालीत एका कलाकृतीपुढे एकाच विक्रेत्याचं नाव बसत असेल तर प्रणाली बदलून घ्या. तेवढं काम तुमच्याकडचं.

कळावे,
आपली,
एक वस्त्रकलाकार, इचलकरंजी
(पत्राचा मसुदा गटात वाचून दाखवला आहे. दोन वाक्यं आक्कांनी काढायला लावली.)